पावसाआधी खुराड्याची डागडुजी: कमी खर्चाच्या युक्त्या इथे लिहा

खळ्यातली

नमस्कार मंडळी. मी कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत राहते. घरामागे १८ कोंबड्या, २ कोंबडे आणि सध्या एका खुडूक कोंबडीखाली ११ पिल्लं आहेत. बहुतेक गावठी, चार गिरिराज. खुराडं सासूबाईंच्या वेळेपासूनचं, माझ्या हातात येऊन नऊ वर्षं झाली. पाऊस तोंडावर आलाय आणि दरवर्षी याच दिवसांत वाडीतलं कुणी ना कुणी विचारायला येतं, म्हणून जमलेलं सगळं एका जागी लिहून ठेवते. तुम्हीही भर घाला.

आधी खर्चाचं बोलते. भांडी, आडोसा, छपरावरचं आच्छादन, अंडी घालायच्या पेट्या, या सगळ्यांत घरातलं टाकाऊ काहीही चालतं. जाळीत आणि लशीत मात्र मी आता पैसे वाचवत नाही.

चार वर्षांपूर्वी स्वस्त पडते म्हणून षटकोनी भोकांची बारीक तारेची जाळी खालपासून वरपर्यंत लावली होती. श्रावणातल्या एका रात्री कोंबड्यांचा कालवा ऐकून बॅटरी घेऊन धावले, तर दार बंद, कडी जागेवर, आणि एक तलंग, म्हणजे अंड्यावर यायची राहिलेली तरणी कोंबडी, जाळीला चिकटलेली. रानमांजर आत शिरलंच नव्हतं. जाळीला टेकून झोपलेल्या तलंगीचा पाय त्याने बाहेरूनच भोकातून ओढला होता. ती वाचली नाही. पंधरा दिवसांत अंड्यावर आली असती.

तेव्हापासून जमिनीपासून दोन फुटांपर्यंत अर्धा इंच चौकोनाची वेल्डेड जाळी, आणि वर जुनीच ठेवली. सगळी बदलायची गरज नाही, कारण ओढाओढ होते ती खालच्या अंगाला. बसायच्या दांड्या जाळीपासून हातभर आत घेतल्या. आणि उकरणाऱ्या जनावरांसाठी पाया खणत बसले नाही. दीड फूट रुंदीची जाळीची पट्टी भिंतीला बांधून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरली, वर जांभ्याचे चिरे ठेवले. मुंगूस असो की कोल्हा, तो भिंतीच्या अगदी मुळाशी उकरायला लागतो, आणि तिथेच जाळी आडवी येते. दोन हात मागे सरून उकरावं हे त्याला सुचत नाही. एक मात्र सांगते, मुंगसाला कायद्याचं संरक्षण आहे. सापळे, विष असलं काही करू नका, रस्ता अडवला की पुरे.

आता पाण्याचं भांडं. उघड्या थाळीत कोंबड्या पाय घालतात, विष्ठा पडते, आणि निम्मे आजार तिथूनच सुरू होतात. पाच लिटरचा तेलाचा कॅन घ्या. तळापासून बोटभर उंचीवर, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटरवर, खिळा तापवून एक भोक पाडा. भोकावर बोट दाबून कॅन भरा, झाकण घट्ट लावा आणि कॅन पसरट थाळीत ठेवून बोट काढा. पाणी थाळीत भोकाच्या उंचीपर्यंत येतं आणि थांबतं. कोंबड्या प्यायल्या की पातळी उतरते, भोकातून हवा आत जाते, तेवढंच पाणी पुन्हा बाहेर येतं. दोन गोष्टी सांभाळा: थाळीचा काठ भोकापेक्षा उंच हवा, आणि झाकणातून हवा शिरता कामा नये. झाकण सैल असलं तर सगळं पाणी वाहून जातं. मी झाकणाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून घातली आहे. सगळं भांडं दोन विटांवर ठेवलं की पायाने उडवलेला भुसाही आत येत नाही.

खाद्याच्या भांड्याचं एकच सूत्र. काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा. खाली ठेवलं की ती चोचीने उडवते आणि निम्मं धान्य मातीत जातं. वाढत्या पिल्लांसाठी दोरी दर आठवड्याला थोडी वर घ्यायची.

बाकी हळूहळू लिहीन. तुम्ही सुरू करा.

नवशिका_पुणे

ताई, फार उपयोगी माहिती. आमचं पुण्याबाहेर छोटं घर आहे, मागे वीस बाय पंधराची जागा. सहा कोंबड्या आणल्यात, ग्रामप्रिया. दोन अडचणी आहेत. शेजाऱ्यांना वास येतो, आणि कोंबडा आणला तर पहाटे आरवण्यावरून भांडण होईल. पण कोंबडा नसेल तर अंडी देतील का?

खळ्यातली

देतील की. अंडं देण्यासाठी कोंबडा लागत नाही, पिल्लं हवी असतील तरच लागतो. कोंबडा नसलेल्या खुराड्यातली अंडी थोडी जास्त दिवस टिकतातही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, तुम्हाला त्याची गरजच नाही.

वासाचं सांगते. खुराडं कोरडं असेल तर वास येत नाही. वास आला म्हणजे कुठेतरी ओल आहे, ती आधी शोधा. बहुतेक वेळा ती पाण्याच्या भांड्याभोवती असते. खाली चार बोटं भाताचं तूस घाला. तुमच्याकडे तूस मिळालं नाही तर सुताराकडचा भुसा किंवा भुईमुगाची टरफलं. दर दोन दिवसांनी लोखंडी पंजाने खालीवर करा. मुठीत दाबून बघायचं: हात सोडल्यावर गोळा राहिला तर ओल जास्त, भुगा सुटला तर ठीक. ओलं झालेलं तेवढंच काढा, त्या जागी थोडा विरलेला चुना भुरभुरा आणि वर नवीन तूस घाला. कोंबड्यांना उकरायला लावायचं असेल तर संध्याकाळी मूठभर ज्वारी त्यावर फेका, त्याच सगळं उलटंपालटं करून देतात.

काढलेलं खत लगेच झाडांना घालू नका, ते गरम असतं, मुळं जळतात. पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजू द्या.

वऱ्हाडी_माती

आमच्याकडे अकोल्याला उलटी गत. ओल कुठली, मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो आणि पत्र्याखाली कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकतात. दोन उन्हाळे बरेच पक्षी गेले, तेव्हा कुठं बसून विचार केला.

पत्र्यावर पऱ्हाट्यांचा फूटभर थर घातला. कापूस निघाला की पऱ्हाट्या शेतात पडूनच असतात, लोक जाळतात. वारं-वावधान येतं म्हणून वरून जुन्या दोरीनं बांधल्या. पश्चिमेच्या अंगाला तुराट्यांचा कूड केला आणि त्यावर बारदान टांगलं. दुपारी बारा, दोन आणि चारला त्यावर पाणी मारतो. पण दोन्ही बाजूंनी वारा खेळला पाहिजे, नाहीतर आत दमट होऊन जास्त त्रास होतो, हे पहिल्या वर्षी लक्षात आलं नव्हतं. प्लास्टिकचं भांडं काढून मडकी ठेवली. कोंबडी पाणी प्यायली तरच जगते, आणि कोमट पाणी ती पीत नाही.

खाद्य पहाटे पाचला आणि दिवस मावळल्यावर. दुपारी काही देत नाही. खाल्लेलं पचवताना अंगात उष्णता होते, ती दुपारच्या उन्हात झेपत नाही. एखादी कोंबडी पंख पसरून बसली, मान टाकायला लागली तर तिचे पाय आणि पोटाखालचा भाग थंड पाण्यात धरतो, सावलीत ठेवतो, चोचीत गूळ-मिठाचं पाणी थेंब थेंब सोडतो. वेळेवर लक्ष गेलं तर वाचते.

मांडवीकाठ

फोंड्याहून. वऱ्हाडी दादांचं वाचून वाटलं, आमच्याकडे पऱ्हाट्यांच्या जागी चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, आहेतच, यंदा तीच घालणार.

माझी भर घारींसाठी. आमच्या मासेमारी करणाऱ्या ओळखीच्यांकडे फाटकी जाळी पडून असतात, ती मागून आणली आणि अंगणावर आडवी ताणली. घार खाली येतच नाही. पण पहिल्यांदा चूक झाली. जाळ्याच्या कडा कुंपणासारख्या जमिनीपर्यंत सोडल्या होत्या. आठवड्याभरात त्यात मोठी धामण अडकली. जेवढी ओढे तेवढा दोरा खवल्यांत रुतत गेला. सर्पमित्राला बोलावलं, त्यांनी तासभर कात्रीने एकेक दोरा कापून तिला सोडवलं. धामण उंदीर खाते, ती तिथे असणं आपल्याच फायद्याचं. आता जाळं फक्त डोक्यावर, कडा हातभर उंच बांधलेल्या. कृपा करून नायलॉनचं जाळं जमिनीला टेकवू नका.

गोदाकाठ

परभणी जिल्ह्यातून लिहितोय. खळ्यातली ताईंचं जाळी आणि लशीचं वाक्य मला फार पटलं. लशीबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा. पंधरा-वीस पक्ष्यांसाठी लस मिळते कुठे? दुकानात कुपी मागितली की शंभर डोसांची देतात, आणि उरलेली फेकावी लागते म्हणून लोक घेतच नाहीत. मग मानमोडी आली की वस्तीच्या वस्तीवरची खुराडी आठ दिवसांत रिकामी होतात. गेल्या वर्षी आमच्या आळीत मी हे पाहिलंय. हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी, आणि तिसऱ्या दिवशी संपलं.

निवृत्त_पशुसेवक

मी तीस वर्षं लसीकरणाचंच काम केलं आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

मानमोडी म्हणजे राणीखेत. विषाणूचा आजार आहे, आल्यावर औषध नाही. हळद, लसूण, काढे यांनी तो थांबत नाही, हे मी अगदी हात जोडून सांगतो. उपाय लस हाच. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौथ्या आठवड्याच्या सुमारास तीच पुन्हा. मग आठव्या आठवड्याच्या आसपास आर-टू-बी, ही टोचायची असते. मधे गंबोरो या दुसऱ्या आजाराची आणि पुढे देवीची लस. तुमच्या भागात कोणती कधी द्यायची ते जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

गोदाकाठ यांचा प्रश्न नेमका आहे. शंभर डोसांची कुपी एका घरासाठी नसतेच. आळीतल्या आठ-दहा घरांनी एक दिवस ठरवायचा. एकाने बर्फ घातलेल्या थर्मासमधून कुपी आणायची आणि सगळ्यांनी तासाभरात लस टोचून किंवा पाजून मोकळं व्हायचं. वाटून घेतलं तर एका पक्ष्यामागे खर्च अगदी किरकोळ येतो. लस एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत संपवा, उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. लस खिशातून, पिशवीतून, मोटारसायकलच्या डिकीतून उन्हात आणलेली मी पाहिली आहे. ती पाण्यासारखीच. लोक म्हणतात लस देऊनही कोंबड्या मेल्या, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी लस वाटेतच मेलेली असते.

पिण्याच्या पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं क्लोरीनचं पाणी वापरू नका. विहिरीचं घ्या आणि लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा. त्याआधी दोन तास पाणी बंद ठेवा, म्हणजे सगळ्या एकदम पितात.

आणखी एक. आजारी पक्ष्यांना लस द्यायची नाही. आणि लशीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध देऊन झालेलं असलं तर उत्तम.

गोदाकाठ

काका, मनापासून आभार. याच रविवारी आळीत बसतो.

तुम्ही रोगांचा विषय काढलात म्हणून लिहितो. जानेवारी २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू आला होता. त्याआधी २००६ ला नवापूरला आला, तो देशातला पहिला. मुरुंब्याच्या वेळी आजूबाजूच्या परिसरातले धडधाकट पक्षीसुद्धा नष्ट करावे लागले. ते दिवस ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. तेव्हापासून माझ्या घरी दोन नियम आहेत आणि दोन्हींना जवळजवळ पैसा लागत नाही. बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळ्या डालग्यात, घराच्या दुसऱ्या टोकाला, तिचं पाण्याचं भांडं वेगळं. आणि खुराड्यात जायची चप्पल वेगळी, ती दाराशीच असते. आठवडी बाजारातून आलेल्या पायांनी आत जायचं नाही. एकदम तीन-चार पक्षी मेले तर ते उकिरड्यावर न टाकता आधी दवाखान्यात कळवायचं.

नवशिका_पुणे

सहापैकी एक कोंबडी अंडी फोडून खाते आहे. आता दुसरी पण शिकली. कुणीतरी सांगितलं की अंड्यात तिखट भरून ठेवा. करू का?

निवृत्त_पशुसेवक

तिखटाचा उपयोग नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, पोपट मिरच्या आवडीने खातो तो त्यामुळेच. कोंबडी तिखटासकट अंडं खाऊन टाकेल.

खळ्यातली

काकांना दुजोरा. माझ्याकडे हे झालं होतं. कारण दोन असतात: टरफल पातळ होणं आणि पेटी उजेडात असणं.

टरफलासाठी कॅल्शियम द्या. आमच्याकडे तिसऱ्यांचे, कालवांचे शिंपले असतात, ते पाट्यावर जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवते. खाद्यात मिसळत नाही. ज्या कोंबडीला हवे ती खाते, कोंबड्याला आणि पिल्लांना ते लागत नाहीत. शिंपले नसतील तर घरातल्या अंड्यांची टरफलं तव्यावर भाजा आणि भुगा करा. अर्धी टरफलं तशीच टाकू नका, मग तिला अंड्याची ओळख पटते आणि सवय तिथूनच लागते.

पेटीसाठी मी फुटक्या प्लास्टिकच्या बादल्या आडव्या बांधल्यात, आत गवत, तोंडावर जुन्या साडीचा पडदा. अंधारात तिला अंडं दिसत नाही, घालते आणि उठते. त्यात अंड्याएवढा पांढरा गुळगुळीत गोटा ठेवा. चार वेळा चोच मारून काही हाती लागलं नाही की नाद सोडते. आणि सकाळी दहाच्या सुमाराला एकदा अंडी गोळा करा, संध्याकाळपर्यंत ठेवू नका.

वऱ्हाडी_माती

खाद्याबद्दल कुणी लिहिलं नाही. आम्ही दिवसभर मोकळ्या सोडतो, संध्याकाळी पक्ष्यामागे मूठभर भरड देतो, मका, ज्वारी आणि थोडी शेंगदाण्याची ढेप. प्रथिनासाठी वाळवी. जुनं मडकं घ्यायचं, त्यात ओलं शेण, कडब्याचे तुकडे, फाटकं बारदान भरायचं, आणि जिथं वाळवी दिसते तिथं संध्याकाळी पालथं घालायचं. थोडं पाणी शिंपडायचं. सकाळी ऊन चढायच्या आत उचललं की आत वाळवी भरलेली असते. पिल्लांसमोर झटकलं की बघत राहावं असं दृश्य असतं. ज्या शेतात, घराभोवती वाळवीचं औषध मारलंय तिथली मात्र देऊ नका.

अझोला, म्हणजे पाण्यावर वाढणारी बारीक हिरवी वनस्पती, तोही करून पाहिला, पण आमच्या उन्हाळ्यात सावलीशिवाय टिकत नाही. कडुनिंबाखाली खड्डा घेतला तेव्हा जमला. सगळं खाद्य त्यावर भागत नाही, थोडीफार बचत होते.

खळ्यातली

वाळवीचं मी यंदा नक्की करणार. पावसाळ्यात एक सांभाळा, बुरशी आलेला मका किंवा वास मारणारी पेंड कोंबड्यांना घालू नका. माणसाला चालत नाही ते कोंबड्यांना घाला असं घरोघरी म्हणतात, पण त्या बुरशीचं विष यकृतावर जातं आणि पक्षी खंगत जातो. मी पावसाआधी धान्य दोन उन्हं देऊन पत्र्याच्या डब्यात भरते.

उवा-पिसवांसाठी: चुलीची राख आणि कोरडी माती निम्मी निम्मी, जुन्या टायरमध्ये भरून आडोशाला ठेवली आहे. पावसात बाहेर कोरडी माती मिळत नाही, म्हणून हे आतच हवं. रात्री दांड्यांच्या खोबणीत बॅटरी मारून बघा, बारीक लाल ठिपके हलताना दिसले तर ते रक्त पिणारे किडे आहेत, दिवसा तिथेच लपतात. दांड्या काढून कडक उन्हात टाका, फटींत चुना भरा.

मांडवीकाठ

ताई, माझी एक कोंबडी कालपासून पेटीतून उठत नाही, अंगाखाली हात घातला की फुगते. अंडी बसवू का? पावसात पिल्लं जगतील?

खळ्यातली

बसवा, पण कोरडी जागा असेल तरच. माझी रीत सांगते. टोपलीत तळाला राख, वर गवत, कडेला कडुनिंबाचा वाळलेला पाला. अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, धुतलेली नकोत. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरे, जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करा, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मधेच येऊन घातलेलं ताजं अंडं ओळखता येतं. रात्री अंधारातच तिच्याखाली सरकवा, दिवसा ती बिथरते. सासूबाई टोपलीत कोळसा, लोखंडाचा खिळा आणि लाल मिरची ठेवायच्या, विजेच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. मी अजून ठेवते, त्यांची आठवण म्हणून.

सातव्या रात्री खोलीत अंधार करून अंडं मोबाईलच्या बॅटरीवर धरा. आत लाल कोळ्यासारख्या शिरा दिसल्या तर पिल्लू धरलंय. नुसतं पिवळं आरपार दिसलं तर ते काढून टाका. एकविसाव्या दिवशी चोच फुटते. टरफल सोलून मदत करायला जाऊ नका, रक्त येतं आणि पिल्लू जातं.

पावसात पिल्लांना मारते ती ओल आणि गारठा. पहिले तीन-चार आठवडे आईसकट डालग्याखाली, पडवीत ठेवा. रक्ती हगवण दिसली तर तूस ओलं झालंय असं समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मांडवीकाठ

आजच रात्री ठेवते. नऊ अंडी जमली आहेत, दोन शेजारच्या वहिनींकडून आणते.

गोदाकाठ

रविवारी आळीतली अकरा घरं जमली. सगळी मिळून ८७ पक्षी. थर्मास शाळेच्या पोषण आहाराच्या ताई देणार आहेत, बर्फ दूधवाला. काका, एक राहिलं: पाच दिवसांची पिल्लं आणि मोठ्या कोंबड्या एकाच दिवशी उरकता येतील का?

निवृत्त_पशुसेवक

दिवस एकच ठेवा, लशी वेगळ्या. पिल्लांना लासोटाचा थेंब. मोठ्यांना आधी कधीच काही दिलं नसेल तर त्यांनाही आधी लासोटा, आणि आर-टू-बी त्यानंतर काही आठवड्यांनी, तुमच्या डॉक्टरांनी तारीख दिल्यावर. सुरुवात सकाळी सातला करा, ऊन व्हायच्या आत. पक्षी रात्रीपासून कोंडून ठेवायला सगळ्यांना सांगा, नाहीतर पकडापकडीतच दोन तास जातील आणि लस वाया जाईल.